दुसऱ्या पुस्तकाची दोन पानं

वाचकाचं पत्र

ताई,
मी अकरावीत असताना एक कुमार कादंबरी लिहिली. अठराव्या वर्षी ती छापून आली. वर्तमानपत्रांत लिहून आलं, दोन शाळांनी बोलावलं, एक पुरस्कारही मिळाला. आता मी एकवीस वर्षांची आहे आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मधल्या काळात दुसरी कादंबरी कितीदा सुरू केली आणि कितीदा पुसून टाकली, याची गणतीच नाही. भेटेल तो विचारतो, "पुढचं कधी?" आता तर लॅपटॉप उघडायचीही भीती वाटते. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षांचा क्लास लाव. एका कार्यक्रमात एका ज्येष्ठ लेखकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आता मोठ्यांसाठी लिही, मुलांचं पुरे झालं. माझं पहिलं पुस्तक म्हणजे निव्वळ योगायोग होता का? कुमारांसाठी लिहून पोट भरतं का? आणि आता मीच त्या वयाची राहिले नाही, तर त्यांच्यासाठी लिहायचा मला काय अधिकार? सोबत नव्या कादंबरीची सुरुवातीची पानं पाठवते आहे. प्रकाशक वाट बघताहेत, पण मी त्यांचे फोन टाळते आहे. कृपया नाव छापू नका.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझी पानं आधी वाचली आणि पत्र नंतर, हे बरं झालं. पत्र आधी वाचलं असतं तर पानांतही रडगाणंच शोधत बसले असते. पानांबद्दल पुढे सविस्तर लिहिते. त्याआधी एका बाईंची गोष्ट सांगते, कारण तू आज जिथे अडली आहेस तिथेच त्या अडल्या होत्या, आणि वयही जवळपास तुझंच होतं.

सुझन एलॉइज हिंटन. पुस्तकांवर नाव असतं एस. ई. हिंटन. जन्म १९४८ चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातला. त्यांच्या हायस्कुलात मुलांचे सरळ तट पडले होते. एकीकडे गरीब वस्तीतले, केसांना तेल चोपडणारे ‘ग्रीझर’, तर दुसरीकडे गाड्या उडवणारी श्रीमंतांची पोरं. हिंटन यांचा एक ग्रीझर मित्र घरी परतत असताना या श्रीमंत पोरांनी गाडीतून उतरून त्याला बेदम मारलं. त्या संतापात पंधरा वर्षांची ही मुलगी घरी येऊन लिहायला बसली. पहिला खर्डा टाइप केलेल्या जेमतेम चाळीस पानांचा होता. तो तिने पुन्हा पुन्हा लिहिला, वाढवला. बरंचसं लेखन अकरावीच्या वर्षात झालं. त्याच वर्षी तिचे वडील मेंदूतल्या गाठीने आजारी होते आणि त्यातच ते गेले. त्याच वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात तिला ‘डी’ श्रेणी मिळाली. तुझ्या त्या ज्येष्ठ लेखकांचं बोलणं आठवलं की ही ‘डी’ही आठवत जा.

एका मैत्रिणीची आई मुलांसाठी लिहायची. तिने हस्तलिखित वाचलं आणि न्यूयॉर्कच्या एका एजंटचा पत्ता दिला. व्हायकिंग प्रकाशनाचा करार हातात पडला तो शाळेच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी. १९६७ च्या एप्रिलमध्ये ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झालं, तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. मुलग्यांच्या टोळ्यांवरचं पुस्तक एका मुलीने लिहिलंय म्हटल्यावर समीक्षक ते न वाचताच बाजूला ठेवतील, या धास्तीने प्रकाशकांनी सुझनऐवजी नुसती आद्याक्षरं छापली.

इथपर्यंतची गोष्ट तुला ठाऊकही असेल. मला सांगायची आहे ती पुढची. पुस्तक आलं, सगळीकडून बोलावणी आली, तरुण पिढीचा आवाज वगैरे बिरुदं चिकटली आणि हिंटन यांचं लिहिणं थांबलं. ज्या टाइपरायटरवर त्या लहानपणापासून लिहीत आल्या होत्या, त्याच्यासमोर बसवेना. कागद घातला की वाटायचं, हे वाचून लोक काय म्हणतील? पहिलं पुस्तक लिहिताना असं कोणी डोक्यात नव्हतंच. ते लिहिलं होतं स्वतःला वाचायला हवं होतं म्हणून. आता डोक्यात गर्दी झाली होती.

ही अवस्था काही वर्षं टिकली. त्या टल्सा विद्यापीठात शिकत होत्या. तिथे ज्यांच्याशी ओळख झाली आणि पुढे ज्यांच्याशी लग्न झालं, त्या डेव्हिड इनहॉफ यांनी एक साधी अट घातली: रोज दोन पानं लिहायची. ती झाल्याशिवाय संध्याकाळी बाहेर जायचं नाही. दोनच पानं. चांगली हवीत अशी अट नव्हती, नुसती लिहून व्हायला हवीत. हिंटन रोज ती दोन पानं अगदी जपून, प्रत्येक वाक्य तोलून लिहू लागल्या. गठ्ठा पुरेसा जाड झाला तेव्हा तो प्रकाशकाकडे गेला. १९७१ मध्ये ‘दॅट वॉज देन, धिस इज नाऊ’ आलं. पहिल्यानंतर चार वर्षांनी.

आणि मग बघ. तिसरं १९७५ मध्ये, चौथं १९७९ मध्ये, पाचवं १९८८ मध्ये. कुमारांसाठी लिहिणाऱ्यांत जगात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतात, त्या बाईंनी एकवीस वर्षांत कुमारांसाठी पाच कादंबऱ्या लिहिल्या. तुझी तीन वर्षं कोरी गेली म्हणून तू स्वतःला निकालात काढते आहेस. चार वर्षांचा खंड त्यांच्या बाबतीत कोणाला खंड वाटत नाही, कारण पुढे पुस्तक आलं. तो काळ अंगावरून जात असताना मात्र त्यांनाही तो तुझ्याइतकाच जड गेला असणार.

आणखी एक बारीकशी गोष्ट तुझ्या कामाची आहे. त्यांची तिसरी कादंबरी, ‘रंबल फिश’, आधी लघुकथा होती. १९६८ मध्ये त्यांच्याच विद्यापीठाच्या वाङ्‌मयीन नियतकालिकात ती छापून आली होती. सात वर्षांनी तिची कादंबरी झाली. म्हणजे मोठं काही जमत नव्हतं त्या काळातही छोटं काहीतरी झालं होतं आणि ते वाया गेलं नाही. तू गेल्या तीन वर्षांत खरंच काहीच लिहिलं नाहीस का? कॉलेजच्या अंकात, डायरीत, एखाद्या मैत्रिणीला लांबलचक मेसेजमध्ये? ते एकदा उघडून बघ.

आता तुझ्या पानांकडे येते.

पहिल्या पानावर तुझा मुलगा पहाटे एस.टी. स्टँडवर उभा आहे. सुरुवातीची सात-आठ वाक्यं काळोखावर आहेत. काळोखाचा गर्भ, काळोखाची शाल, काळोखाचं मौन. ही वाक्यं वाईट नाहीत, पण ती तुझ्या त्या मुलाची नाहीत. नववीतला मुलगा पहाटे साडेपाचला स्टँडवर काळोखाचं मौन ऐकत नसतो. तो बघत असतो गाडी लागली का, खिडकीची जागा मिळेल का, आणि कंडक्टर ओळखीचा निघाला तर घरी कळेल का. ही वाक्यं तू त्या पुरस्काराच्या परीक्षकांसाठी लिहिली आहेस. दुसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एक वाक्य आहे: "पासाचं प्लास्टिक चिकटलं होतं, त्याने ते दातांनी सोडवलं आणि आतला गेल्या महिन्याचा पास काढून त्याच्या जागी चिठ्ठी ठेवली." इथे मी थांबले. कसली चिठ्ठी? पास संपलेला असताना हा चाललाय कुठे? पास न काढता वाचवलेले पैसे त्याने कशाला वापरले? या एका वाक्यात तुझी कादंबरी आहे. आधीची जवळजवळ दोन पानं खुशाल उडव आणि या वाक्यापासून सुरुवात कर.

म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. योगायोगाने एखादीच कविता जमते, एखादाच प्रसंग साधतो. दीडशे पानांची गोष्ट योगायोगाने पूर्ण होत नाही. आणि हे दातांनी सोडवलेलं प्लास्टिक तर या वर्षीचं आहे, अकरावीतलं नाही.

तर मी सांगते तसं कर. रोज दोन पानं. लॅपटॉपची भीती वाटते ना, मग तो नकोच. दोनशे पानी वही घे आणि हाताने लिही. लिहून झालं की वही मिट, त्या दिवशी मागचं वाचायचं नाही. पुसण्याची सोय नसली की निम्मा त्रास कमी होतो. परीक्षेच्या दिवसांत अर्धं पान झालं तरी चालेल, पण कोरा दिवस जाऊ द्यायचा नाही. घरातल्या एका माणसाला सांगून ठेव. आई, भाऊ, कोणीही चालेल. त्याने रात्री एवढंच विचारायचं, "झाली का दोन पानं?" काय लिहिलंस हे विचारायचं नाही, वाचायला मागायचं नाही. हिंटन यांना अडलेलं सोडवायला कोणी साहित्याचा जाणकार लागला नाही. संध्याकाळी फिरायला नेणारा माणूस पुरला.

"पुढचं कधी?" विचारणाऱ्यांना "लिहितेय" म्हण. दोन पानं झाली असतील तर ते खरंही असेल.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण या बाबतीत नव्या लेखकांशी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. समज, तुझ्या पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची आहे, किंमत दोनशे रुपये आणि तुझं मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर तुला वीस हजार मिळतील. आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं सहज लागतात. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आणि पस्तिशीच्या आतल्या लेखकांसाठीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. त्यांची रक्कम पन्नास हजार रुपये आहे. मान मोठा आहे, पण त्यावर वर्षाचं घरभाडंही निघत नाही. मराठीत नुसत्या कुमार कादंबऱ्यांवर घर चालवता येत नाही, असं धरूनच आयुष्याची आखणी कर. त्यामुळे बाबा म्हणतात तो क्लास लाव. ते तुझ्या लेखनाचे वैरी नाहीत. बँकेत, शाळेत, पोस्टात, कुठेही नोकरी केलीस तरी रोजची दोन पानं होतात. उलट पुढच्या पुस्तकावर घराचा हप्ता टांगलेला नसला की ते पुस्तक मनासारखं लिहिता येतं. नोकरी निवडताना एवढंच बघ की संध्याकाळचा एखादा तास तुझा राहील.

हिंटन यांना शिक्षिका व्हायचं होतं, पदवीही त्याच विषयाची घेतली. पण सराव पाठांच्या काळात मुलांची दुःखं त्या रोज घरी घेऊन यायच्या, रात्री झोप लागायची नाही. म्हणून ते सोडलं. हे लिहायचं कारण, शाळेत नोकरी म्हणजे कुमार लेखकाला आदर्शच, असं तुला कोणीतरी सांगेल. काहींना मानवतं, काहींना नाही. तू स्वतः ठरव.

कुमार साहित्याचं पुस्तक वाचकापर्यंत कसं पोहोचतं, यावर मात्र मला जरा बोलू दे, कारण मी आयुष्यभर शाळेच्या ग्रंथालयात काम केलं आहे. चौदा वर्षांचा मुलगा दुकानात जाऊन स्वतःच्या पैशांनी कादंबरी विकत घेत नाही. पुस्तक त्याच्या हातात ठेवतात शिक्षक, ग्रंथपाल, मोठी बहीण. ‘द आउटसायडर्स’ही आल्या आल्या धडाक्यात खपलं नव्हतं. इतर कागदी बांधणीच्या पुस्तकांसारखं ते दुकानांच्या मांडण्यांवर ठेवलं तेव्हा फारसं हललं नाही. मग प्रकाशकांच्या लक्षात आलं की मागणी शाळांमधून येते आहे, शिक्षक ते वर्गात वाचायला देत आहेत. पुस्तक जगलं ते वर्गांमधून.

सिनेमाही तसाच झाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो शहराजवळच्या लोन स्टार नावाच्या शाळेत जो एलन मिसाकियन या ग्रंथपाल होत्या. एरवी पुस्तकाला हात न लावणारी मुलं हे एक पुस्तक मागून मागून नेतात, हे त्या बघत होत्या. मुलांना त्यावर सिनेमा हवा होता. १९८० मध्ये त्यांनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र लिहिलं, सोबत मुलांच्या सह्यांची पानं जोडली आणि पुस्तकाची एक प्रतही पाठवली. शंभराहून जास्त मुलांच्या त्या सह्या होत्या. १९८३ मध्ये सिनेमा आला. पुस्तक येऊन तोवर सोळा वर्षं झाली होती. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने तरुण वाचकांसाठीच्या लेखनाचा मार्गारेट एडवर्ड्‌स पुरस्कार सुरू केला, तो पहिला हिंटन यांनाच मिळाला. २०२४ मध्ये त्याच गोष्टीवरच्या, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या संगीत नाटकाला तिथल्या नाटकांसाठीचा टोनी पुरस्कार मिळाला. पंधराव्या वर्षी रागाच्या भरात सुरू केलेली चाळीस पानं, आणि त्यांचं हे आयुष्य.

आपल्याकडे अनेक शाळांमधली ग्रंथालयाची कपाटं कुलपात असतात, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत करत राहीन. पण ज्या शाळेत एखादा शिक्षक कपाट उघडतो, तिथे पुस्तकाच्या मागची तारखांची चिठ्ठी भरून दुसरी चिकटवावी लागते. तुझ्या तालुक्यातल्या शाळांमध्ये जा. भाषण नको. एका वर्गात वीस मिनिटं नुसतं वाचून दाखव आणि एक प्रत ग्रंथालयाला देऊन ये. ‘किशोर’ मासिकाला एखादी कथा पाठव. ‘बालभारती’चं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि शाळाशाळांत जातं. साधना साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंकही आहे. कथा छोटी असते, ती पूर्ण होते, आणि पूर्ण झालेलं काहीतरी हातात असणं हे तुझ्या आजच्या अवस्थेत फार मोलाचं आहे.

"मोठ्यांसाठी लिही" हा सल्ला सोडून दे. ज्यांनी तो दिला त्यांना कुमार साहित्य ही मोठ्यांच्या साहित्याची पायरी वाटते. हिंटन यांनी पुढे मोठ्यांसाठीही लिहिलं, पण ते २००४ मध्ये, मनाला वाटलं तेव्हा. तुलाही कधी वाटलं तर लिही. कोणी वर चढ म्हणालं म्हणून नको.

राहिला तुझा अधिकाराचा प्रश्न. पत्रातला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि त्यावर मी दोन दिवस विचार करत होते. अकरावीत लिहिताना तुझ्याकडे राग होता, ताजेपणा होता, आणि वर्गातली भाषा आयती कानावर पडत होती. ते आता नाही, हे खरं आहे. हिंटन यांचंही स्वतःच्या पहिल्या दोन पुस्तकांबद्दल असंच म्हणणं होतं: दुसरं जास्त चांगलं लिहिलेलं आहे, पण पहिल्यात भावना जास्त आहे. म्हणजे काहीतरी जातं आणि काहीतरी येतं. तुझ्याकडे आता काय आलंय ते सांगू? त्या वयातल्या मुलीला तिच्या पुस्तकातल्या बापाचं काहीच कळत नाही. तुझ्या पहिल्या पुस्तकातला बाप नुसता ओरडतो, आठवतं? नव्या पानांतला बाप मुलाच्या दप्तरात गुपचूप वीस रुपये ठेवतो आणि मुलगा ते बघून चिडतो. दोघांच्याही बाजूने लिहिलेला तो चार ओळींचा प्रसंग अकरावीत तुला लिहिताच आला नसता. कुमारांना असा बाप पुस्तकात भेटायला हवा आहे. घरचा बाप त्यांना कळत नसतो म्हणून तर ती पुस्तकाकडे येतात.

बोलीभाषेचं मात्र सांभाळ. तुझ्या वेळचे शब्द आजच्या नववीत चालत नाहीत, आणि आजचे शब्द ओढून आणलेस तर मुलं तीन ओळींत ओळखतात. बसमध्ये मागच्या सीटवर बस आणि ऐक. फॅशनचे शब्द कमी वापर. मुलं एकमेकांशी भांडताना, खोटं बोलताना, माफी न मागता समेट करताना वाक्यं कशी तोडतात, ते घे. ते लवकर जुनं होत नाही.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. तुझे प्रकाशक वाट बघताहेत आणि तू त्यांचे फोन टाळते आहेस, असं तू पत्राच्या तळाशी लिहिलं आहेस. तसं करू नकोस. त्यांना चार ओळींचं पत्र लिही की वर्षभर तरी हस्तलिखित देता येणार नाही, पण लिहिते आहे. प्रकाशकांना उशिराची सवय असते, त्यांना त्रास होतो तो न कळवण्याचा. पहिल्या पुस्तकाच्या किती प्रती शिल्लक आहेत हेही त्याच पत्रात विचार. मानधनाचा हिशेब दरवर्षी मागणं हा तुझा हक्क आहे आणि त्यात उद्धटपणा काही नाही.

आणि तो मुलगा चिठ्ठी घेऊन कुठे चाललाय, हे तुलाही अजून माहीत नसेल तर बिघडत नाही. उद्याच्या दोन पानांत त्याला फक्त गाडीत बसव. पन्नासेक पानं झाली की वहीचे फोटो काढून मला पाठव, मी वाचेन.

तुझी,
ताई